अक्षरांना वळसा

एकतीस वर्षं म्युबेर्रा जुन्या कागदावर चित्रं काढत होती, पण तिच्या चित्रातल्या एकाही माणसाचा पाय कधी अक्षरावर पडला नव्हता.

शिकारी असो, बासरीवाला असो, बागेत गालिचा टाकून बसलेली मंडळी असोत, लिहिलेली ओळ आडवी आली की सगळे अंग चोरून बसत. सरूचं झाड दोन शब्दांच्या फटीतून वर जाई आणि कोरा कागद सापडला की तिथं पसरे. एकदा एका सुलतानाची पगडी एका लांब शेपटीच्या अक्षराला चुकवताना इतकी मागं कलली, की शेजारच्या टेबलावरच्या शाझियेनं विचारलं, सुलतान न्हाव्याकडं बसलाय का? म्युबेर्रानं पगडी तशीच ठेवली. ते चित्र चार दिवसांत विकलंही गेलं.

दुकान नाफिझ बेचं; बे म्हणजे साहेब. बाजारातल्या एका जुन्या दगडी सरायीच्या तळमजल्यावर विक्री, आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की कामाची खोली. खोलीत तीन टेबलं. खिडकीतलं म्युबेर्राचं, कारण बारीक रेघेला उजेड लागतो. मधलं शाझियेचं, सोन्याच्या कामाचं. ती बशीत मध घेऊन सोन्याचा वर्ख बोटानं तासन्‌तास खलायची आणि तोंडानं सरायीतल्या बातम्या. तिसऱ्या टेबलावर चौकटी, काच आणि बांधाबांध.

माल म्हणजे जुन्या पुस्तकांची सुटी पानं. म्हातारी माणसं गेली, घरं रिकामी झाली, की माळ्यावरची पुस्तकं वजनावर नाफिझ बेकडं यायची. शिवण उसवलेली, पुठ्ठा गेलेला, पण कागद मात्र अंड्याच्या पांढऱ्याचा लेप देऊन अकीकाच्या दगडानं घोटलेला, बोट फिरवलं तर सरकून जावं असा. त्यावर म्युबेर्रा चित्र काढायची, शाझिये सोनं भरायची, आणि बाहेरगावचे लोक ते घरी नेऊन भिंतीवर लावायचे. कागद किती जुना, असं कुणी विचारलं तर नाफिझ बे सांगायचा, दीडशे वर्षांचा. चित्र किती जुनं, असं विचारलं तर तेही खरं सांगायचा. न विचारलं तर मात्र चहा मागवायचा.

पानांवर काय लिहिलंय, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. उजवीकडून डावीकडं लिहायची ती जुनी लिपी बदलून सत्तर वर्षं होऊन गेली होती. आपल्याकडं मोडीचं झालं तसंच. आजोबांची सही नातवाला नक्षी वाटते. म्युबेर्राचे आजोबा बोटीवर कोळसा टाकायचे. त्यांना ना जुनी लिपी येत होती ना नवी, पण रस्त्यात जुन्या अक्षरांचा कपटा दिसला की ते वाकून उचलायचे, ओठांना लावायचे आणि जवळच्या भिंतीच्या फटीत उंच खोचून ठेवायचे. कुणाचा पाय पडायला नको. वरवाल्याचं नाव असायचं त्यात. लहानपणी म्युबेर्राला वाटायचं, त्यांच्या एयुप वस्तीतल्या भिंती अशा कपट्यांवरच उभ्या आहेत. पुढं एकोणिसाव्या वर्षी ती उस्तादाकडं कुंचला धरायला शिकली, नवरा ट्रामवर होता तो बेचाळिसाव्या वर्षी गेला, डोळ्याला आधी एक चष्मा लागला मग दुसरा, पण अक्षराला वळसा घालायची सवय तशीच राहिली. कुणी कारण विचारलं तर ती एवढंच म्हणायची की खाली काय असेल सांगता येत नाही.

त्या वर्षी कुर्बानीची ईद मार्चात होती. ईदेच्या तीन आठवडे आधी नाफिझ बेला दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. जेवणाच्या दालनासाठी बारा चित्रं, सगळी एकाच पुस्तकाच्या पानांवर.

तसं एक पुस्तक नुकतंच आलं होतं. आमास्याकडच्या एका घरातलं, बारा पानं उरलेलं, कागद जाड आणि लोण्याच्या रंगाचा. नवल म्हणजे प्रत्येक पानावर वर चार ओळी, खाली पाच-सहा ओळी आणि मधे तळहाताएवढी कोरी जागा. म्युबेर्राला असं पान आयुष्यात मिळालं नव्हतं. वळसा घालायचं कामच नाही. पहिल्या पानावर तिनं मन लावून सरूखाली बसलेलं एक जोडपं काढलं. तो तिच्या कानाशी वाकलेला, तिच्या हातात डाळिंब, मागं निळा झरा. हॉटेलची सजावट बघणारी बाई आली, तिला रंग फार आवडले. पण तिला भरगच्च हवं होतं. चित्र पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि लिखाण नुसतं कोपऱ्यांतून डोकावणारं. कागद जुना आहे हे कळण्यापुरतं.

नाफिझ बेनं हे म्युबेर्राला सांगायला दोन दिवस लावले. वाईट माणूस नव्हता. तिच्या नवऱ्याच्या मयतीला तो खांदा द्यायला पुढं होता. तो आधी डोळ्यांची चौकशी करून गेला, मग हिवाळ्याविषयी बोलला, आणि शेवटी शाझियेकडं बघत म्युबेर्राशी बोलला. खालच्या दुकानातली सेव्ताप काचेखाली दिवा लावून तयार आराखडा गिरवते, दिवसाला तीन पानं उतरवते, तिला अक्षर आडवं येत नाही.

"मी तिला विचारून ठेवलंय," तो म्हणाला. "ईदेच्या आधी खोकं गेलं पाहिजे. तुम्ही पानं भरून काढणार असाल तर प्रश्नच नाही, खिडकी तुमचीच. पण नाही म्हणालात तर मला तिला वर बसवावं लागेल, आणि उजेडाचं टेबल एकच आहे."

म्युबेर्रानं दोन दिवस मागून घेतले.

ते दोन दिवस शाझियेनं तिला सुखानं काम करू दिलं नाही. तिचं म्हणणं असं की वरवाल्याला आपलं नाव कुठं कुठं लिहिलंय ते पाठ असणार, त्याला कागद दिसायची गरज नाही. शिवाय ईद तोंडावर आलेली असताना खिडकी सोडून जाणं म्हणजे वेडेपणा. "तुझी चित्रातली माणसं गं," ती म्हणाली, "इतकी सांभाळून चालतात, की त्यांच्या पायाखालची मुंगीसुद्धा म्हातारी होऊन मरत असेल." म्युबेर्रा हसली, पण दुसरं पान तिनं हातात घेतलं नाही. खिडकी तिलाही हवी होती. चोपन्नाव्या वर्षी कुठल्या दुकानात जाऊन सांगायचं, मी सावकाश काढते आणि अक्षरं चुकवते?

दुसऱ्या दिवशी दुपारी वेफिक बे जिना चढून वर आले. त्यांना तिथं कुणी ओळखत नव्हतं. जमीन-नोंदणीच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभी हयात जुन्या लिपीतली खरेदीखतं वाचण्यात गेलेली. आजीच्या नावाचं एक खत चौकटीत बसवून घ्यायला आले होते. नाफिझ बे माप घेत होता, शाझिये चहाला सांगायला जिन्यातून ओरडत होती, आणि वेफिक बे मागं हात बांधून खिडकीपाशी गेले. तिथं जोडप्याचं पान उभं करून ठेवलं होतं.

ते वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा वाकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. नाफिझ बेला वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला, तो पाणी घेऊन धावला. वेफिक बेंनी हातानंच नको म्हटलं, डोळे पुसले आणि म्युबेर्राला विचारलं, हे तुम्ही काढलंत का. ती हो म्हणाली. सुंदर आहे, ते म्हणाले, आणि पुन्हा खांदे हलले.

मग त्यांनी वाचून दाखवलं. कचेरीत वाचतात तसं, सपाट आवाजात, बोट ओळीखालून फिरवत.

"मेंढीस खरूज होते ती प्रथम मागील अंगास धरते. लोकर झडते, कातडे जाड होऊन भेगा पडतात. अशा मेंढीस कळपातून वेगळे काढावे. गंधक कुटून चरबीत कालवावा, आणि उन्हात उभे करून चोळावा."

चौघंही चित्राकडं बघत होते. सरूखाली तो तिच्या कानाशी वाकलेलाच होता.

"म्हणजे तो तिला हेच सांगतोय की काय," शाझिये म्हणाली. "गंधक आणलंस का, म्हणून?"

नाफिझ बे खुर्चीवर बसून हसला, वेफिक बे भिंतीला टेकून. शाझियेचं सोनं बशीतून सांडायची वेळ आली. म्युबेर्रा कुंचला धूत राहिली. तो आधीच स्वच्छ होता.

मग तिनं फडताळातला पानांचा गठ्ठा काढून वेफिक बेंच्या पुढ्यात ठेवला आणि हे काय आहे, ते विचारलं. हे काय. आणि हे. ते वाचत गेले. लष्करी शाळेतलं अंकगणित. मुद्रांकाचे नियम. कोबीच्या पानात भात कसा भरावा. आगगाडीत चढताना कोंबड्या कुठल्या डब्यात ठेवाव्यात. सत्तावीस पानांत एक प्रार्थना निघाली, तीही अर्धी. आजोबा भिंतीत काय काय खोचत गेले असतील, असा विचार तिच्या मनात आला असेल तर तो तिनं बोलून दाखवला नाही. तिनं गठ्ठा सरळ करून परत फडताळात ठेवला.

नाफिझ बे हसायचा थांबला होता. तो खिडकीपाशी आला आणि अगदी मऊ आवाजात बोलला. "म्युबेर्रा हानम, आता तरी? खरूज आहे ती. खरजेवर रंग लावला म्हणून कोण रागावणार?"

ती बसली. दुसरं पान घेतलं, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली, शिंपल्यात पांढरा रंग कालवला. अक्षर झाकायचं तर आधी पांढरा थर द्यावा लागतो, नाहीतर काळी शाई वर येते. हे तिला माहीत होतं. उस्तादांनी शिकवलं होतं, कधी केलं नव्हतं. कुंचला भरला. पहिल्या ओळीच्या वर धरला. श्वास आत घेतला आणि धरला, कारण रेघ श्वासावर हलते.

तिघं बघत उभे होते. श्वास सोडायची वेळ आली तरी कुंचला खाली आला नाही.

तिला ती ओळ वाचता येत नव्हती, पण लिहिणाऱ्याचा हात तिच्या पंधरवड्याच्या ओळखीचा झाला होता. हा लहिया बोरू दौतीत उशिरा बुडवायचा, अगदी फिकं पडेपर्यंत ओढायचा. दर सहाव्या-सातव्या शब्दाला शाई एकदम गडद होई. दुपारनंतर त्याच्या ओळी डावीकडं वर चढायच्या, मान अवघडत असावी. या पानावर तर एका अक्षराचं पोट फुटलं होतं, तिथं त्याला शिंक आली असणार. आणि त्यानं जीभ लावून ते पुसायचा प्रयत्न केलेला डाग तिला दिसत होता. लेपाच्या कागदावर शाई अशीच पुसतात. तीही पुसते.

तिनं कुंचला पाण्यात ठेवला.

"नाही जमत," ती म्हणाली. "माणूस बसलाय इथं."

नाफिझ बेनं विचारलं, कोण बसलाय.

"हा." तिनं ओळीकडं बोट केलं. "तो वरवाल्याविषयी बोलतोय का खरजेविषयी, मला कुठं कळतंय? पण बसलाय. बसलेल्याच्या मांडीवर जाऊन बसू का मी?"

"बसमध्ये बसतात लोक," शाझिये म्हणाली. पण हळू म्हणाली.

नाफिझ बे काही बोलणार होता, तेवढ्यात म्युबेर्रानं वेफिक बेंना आणखी एक गोष्ट विचारली. कोऱ्या जागेच्या उजव्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर, लाल शाईत अगदी बारीक तिरकं काहीतरी लिहिलेलं होतं. फिकं, नखाएवढं. जोडप्याच्या चित्रात तिनं गालिच्याची झालर दुमडून त्यालाही वाट करून दिली होती. ते काय आहे?

वेफिक बेंनी चौकटीच्या टेबलावरचं भिंग घेतलं. या वेळी ते लगेच हसले नाहीत. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग जोडप्याचं पान उचलून उजेडाकडं धरलं.

"इथे मेंढी," त्यांनी वाचलं. "उभी. मागील अंग खुंटास घासते आहे."

दुसऱ्या पानावर होतं: इथे मेंढ्याचे तोंड, उघडे, दात दिसावेत. तिसऱ्यावर: इथे पोट फुगलेली मेंढी, डावी कूस वर आलेली. चौथ्यावर: खूर, खालून.

हे वाचणाऱ्यासाठी नव्हतं. लहियानं चिताऱ्यासाठी लिहून ठेवलं होतं. आधी लहिया मजकूर उतरवतो, चित्रापुरती जागा सोडतो, तिथं काय हवं ते कोपऱ्यात टिपतो, आणि पानं चिताऱ्याकडं जातात. चितारी चित्र काढता काढता ती टीप रंगाखाली झाकून टाकतो. वेफिक बे म्हणाले, बाराही पानांवर टीप अजून शाबूत आहे, म्हणजे चितारी आलाच नाही. दुसऱ्या गावी गेला असेल. मेला असेल. नाहीतर मेंढ्या काढायचा कंटाळा केला असेल.

"आला की," शाझिये म्हणाली. "दीडशे वर्षांनी का होईना, जिना चढून आली, खिडकीत बसली, आणि नवराबायको काढून ठेवले."

या वेळी कुणी हसलं नाही, आणि म्युबेर्राचे कान लाल झाले. हे शाझियेनं नंतर सगळ्या सरायीत सांगितलं. तिनं म्युबेर्राला दाताच्या दुखण्यात, बाळंतपणाच्या कळांत, नवऱ्याच्या मयतीला, सगळ्या तऱ्हांनी पाहिलं होतं, पण कान लाल झालेले पहिल्यांदाच पाहिले. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मांड्या सांभाळत अंग चोरून बसायची सवय झालेल्या बाईला कुणीतरी जागा धरून ठेवली होती, आणि तिथं बसून तिनं भलतंच काम केलं होतं.

ती उठली आणि नाफिझ बेला म्हणाली की उरलेली अकरा पानं ती काढेल. लाल अक्षरांत सांगितलंय तशी.

नाफिझ बेला वाटलं, ही चेष्टा करते. मग त्याच्या लक्षात आलं. "अहो, जेवणाचं दालन आहे ते," तो म्हणाला. "लोक तिथं मटण खाणार आहेत. वर भिंतीवर खरजेची मेंढी आणि खाली ताटात तिची बहीण?"

त्यानं तोडही काढून पाहिली. हॉटेलला दुसऱ्या पुस्तकाची पानं देऊ, अंकगणिताची देऊ, ती भरून काढा. म्युबेर्रा म्हणाली, तिथंही माणूसच बसलाय. नाफिझ बेनं वेफिक बेंकडं बघितलं, शाझियेकडं बघितलं, कुणीतरी बाजू घेईल म्हणून. वेफिक बे आपल्या आजीचं खत गुंडाळत होते. शेवटी तो म्हणाला की पानं त्याची आहेत आणि खिडकीही त्याचीच आहे, आणि दोन्ही तिला देणं त्याला परवडणार नाही. सेव्ताप ती पानं भरेल, किंवा सेव्ताप त्या खिडकीत बसेल.

"मग पानं द्या," म्युबेर्रा म्हणाली.

शाझियेचं सोनं खलणारं बोट थांबलं. ते थांबवायचं नसतं, गुठळी होते. झालीही. नाफिझ बेनं जिन्याचा कठडा धरला. त्याला ती खिडकी मागेल याची इतकी खात्री होती, की दुसऱ्या उत्तराची त्यानं तयारीच केली नव्हती. पण तो बोललेला शब्द फिरवणारा माणूस नव्हता. त्यानं स्वतः दोन पुठ्ठे आणले, अकरा पानं मधे ठेवली, दोरी बांधली. जोडप्याचं पान ठेवून घेतलं. ते विकलं जाणार होतं. वेफिक बेंनी चौकटीच्या टेबलावर बसून नव्या लिपीत अकरा चिठ्ठ्या लिहून दिल्या, एकेका पानाची एक. म्युबेर्रानं कुंचले, शिंपले आणि घोटायचा अकीक पिशवीत टाकला आणि जिना उतरली. दुसऱ्या दिवशी सेव्ताप आपला दिवा लावलेला काचेचा खोका घेऊन वर आली. खिडकीला तिनं पडदा लावला. तिच्या कामाला बाहेरचा उजेड नको होता.

घरी म्युबेर्रानं स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं आणि चिठ्ठ्यांतली एक समोर ठेवून कच्च्या कागदावर मेंढी काढायला घेतली. खरजेचं पान हातचं गेलं होतं, पण पुढच्या एका पानावर तीच मेंढी होती, औषध लावल्यावर आठव्या दिवशी. म्हणजे आजार काढता आल्याशिवाय उतारही काढता येणार नव्हता. धनगराच्या चित्रात तिनं शेकडो मेंढ्या काढल्या होत्या. उस्तादांनी शिकवलेल्या: एक ढग, चार काड्या, ढगावर भोवऱ्यासारख्या लोकरीच्या गुंडाळ्या, आणि चेहऱ्यावर समाधान. ती काढून झाली. आता तिची लोकर झडवायची होती. म्युबेर्रानं एक गुंडाळी खोडली. ढगाला भोक पडलं. आणखी दोन खोडल्या, तर ढग पावसाळी दिसायला लागला. खाली कातडं असतं, ते कुठल्या रंगाचं? मेंढी घासते तेव्हा पाय कुठं असतात? त्या संध्याकाळी तिनं नऊ मेंढ्या काढल्या, आणि नऊही अगदी ठणठणीत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून टेकडी उतरली. ईदेला चार दिवस होते, आणि खालच्या मैदानात जनावरांचा बाजार भरला होता. शिवासपासून, कार्सपासून ट्रक आले होते. ताडपत्र्यांखाली मेंढ्या, चिखल, भुसा, शेकोटीवर चहाची किटली. गिऱ्हाइकं टोळ्यांनी हिंडत होती, शिंगं हलवून बघत होती, कान तपासत होती, पाय उचलून धरत होती. कुर्बानीच्या जनावरात खोट चालत नाही. लंगडं नको, आंधळं नको, कानाचा तुकडा गेलेला नको. सगळा बाजार निर्दोष मेंढी शोधत होता, आणि त्यात म्युबेर्रा एकेका ताडपत्रीपाशी थांबून अदबीनं विचारत होती, खरूज झालेली एखादी आहे का?

पहिल्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यानं वरवाल्याचं नाव घेतलं. तिसऱ्याचं नाव सातिल्मिश होतं, म्हणजे विकला गेलेला, आणि सकाळपासून त्याची एकही मेंढी विकली गेली नव्हती. तो पायांवर उकिडवा बसून पाव खात होता. तो उठला.

"मावशी, नगरपालिकेनं पाठवलं का तुम्हाला?"

ती नाही म्हणाली.

"मग त्या पलीकडच्या मिशीवाल्यानं पाठवलं असेल. त्याला सांगा, माझ्या मेंढीला खरूज नाही, माझ्या बापाच्या मेंढीला नव्हती, आणि त्याच्या सासऱ्याच्या कळपाला होती हे अख्ख्या शिवासला माहीत आहे." हे त्यानं मिशीवाल्याला ऐकू जाईल असंच सांगितलं. मिशीवाल्यानं काहीतरी उत्तर दिलं, ते वाऱ्यानं नेलं.

म्युबेर्रानं पिशवीतून कच्चा कागद काढला. समजावून सांगायला तिला कधीच जमत नसे, म्हणून तिनं दाखवलं. सातिल्मिशनं पाव काखेत धरून कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. उलटा करून बघितला.

"हे काय आहे?"

"मेंढी."

"ही उशी आहे, मावशी. उशीला खरूज होत नाही."

त्याला ते सहन होईना असं दिसलं. त्यानं कळपात हात घालून एक मेंढी ओढली, दोन गुडघ्यांत धरली, आणि काही न विचारता म्युबेर्राचा हात मनगटाला पकडून लोकरीत खुपसला. आत ऊब होती. बोटं तुपकट झाली. वरून मळकट दिसणारी लोकर मुळाशी पांढरीशुभ्र होती आणि कातडं गुलाबी. सातिल्मिश बोलत होता. इथून सुरू होते, शेपटीच्या वर. लोकर आधी ओली झाल्यासारखी चिकटते, मग पुंजक्यांनी येते, एकदम जात नाही. जनावर मान लांब करतं. सगळा भार पुढच्या पायांवर टाकतं. आणि मुख्य म्हणजे हे बघा, असं म्हणून त्यानं मेंढीच्या पाठीच्या मागच्या भागावर नखांनी खराखरा खाजवलं. मेंढीनं मान वर केली, डोळे अर्धे मिटले, आणि तिचा वरचा ओठ थरथर हलायला लागला, जणू हवेतलं गवत खात होती.

"हा ओठ काढा," तो म्हणाला. "हिला खरूज नाही, नुसतं खाजवलं तर एवढं करते. खरूज असेल तर थांबतच नाही. ओठ नसेल तर बघणाऱ्याला काय कळणार, खाज आहे का फोटोला उभी आहे?"

म्युबेर्रा भुश्याच्या पोत्यावर बसली आणि काढायला लागली. सातिल्मिश खाजवत राहिला. एक गिऱ्हाईक दोन मुलांना घेऊन आलं, थबकलं. विक्रेता मेंढीचं ढुंगण खाजवतोय आणि एक बाई ते कागदावर उतरवून घेतेय. हिला काय झालंय, असं त्यानं विचारलं. काही नाही, सातिल्मिश म्हणाला, दिसायला चांगली आहे म्हणून चित्र काढतायत. गिऱ्हाईक मुलांचे हात धरून सरळ मिशीवाल्याकडं गेलं.

"गेलं एक तुमच्या पायी," तो म्हणाला. पण कागदात डोकावला. आता ती उशी नव्हती. मानेचा बाक बरोबर होता. मागचा डावा पाय फार सरळ झाला होता, तो त्यानं काठीच्या टोकानं चिखलात काढून दाखवला, कसा वाकतो ते. म्युबेर्रानं पाय खोडला आणि पुन्हा काढला. वरच्या ओठाला तिनं तीन रेघा दिल्या, एकीला चिकटून एक.

त्यानं विचारलं, याचं करणार काय? तिनं सांगितलं, पुस्तक आहे एक, मेंढ्यांच्या आजारांचं, त्यात चित्रं राहून गेली होती. सातिल्मिशला यात काही नवल वाटलं नाही. राहून जातात कामं. त्यानं एवढंच विचारलं की औषध काय लिहिलंय, आणि गंधक-चरबी ऐकून मान हलवली. बरोबर आहे, पण चरबी मेंढीचीच हवी. हे लिहिलं नसेल तर लिहून घ्या.

"अजून कुठली राहिलीत?"

म्युबेर्रानं पिशवीतून उरलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि पहिली वाचली. मेंढ्याचं तोंड, उघडं, दात दिसावेत.

सातिल्मिशनं मेंढी सोडली, पाव पोत्यावर ठेवला, हात विजारीला पुसले आणि कळपातून एक शिंगांचा मेंढा कानाला धरून ओढत आणला. एका हातानं त्याचा वरचा जबडा धरला, दुसऱ्यानं खालचा ओढला. आत जीभ वळवळत होती.

"लवकर आटपा, मावशी," तो म्हणाला. "समोर वर दात नसतात, ते बघा आधी. शहरातले लोक तिथंही काढून ठेवतात."

तिनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि जिथं दात नसतात तिथून सुरुवात केली.